टाटा २०७ साठी दुसरं इंजिन निवडताना

जुन्या गाडीला दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की कोल्हापुरात सल्ल्याला तोटा नसतो. इथं बहुतेक घरांत एखादा तरी माणूस उद्यमनगरात लेथवर, फौंड्रीत नाहीतर गॅरेजात राबलेला असतो, आणि त्याच्या बोलण्यात तथ्यही असतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यासमोर त्याची स्वतःची गाडी असते. आमच्या टाटा २०७ पिकअपसाठी आम्ही कुठलं इंजिन घेतलं, कुठली सोडली आणि का, ते आज सविस्तर लिहिते. २०७, ४०७, स्पेसिओ अजूनही आपल्या भागात भरपूर पळतात. त्यांच्या मालकांना याचा उपयोग व्हावा एवढीच इच्छा.

गाडी टाटा २०७ डीआय, २००५ ची, एमएच-०९ पासिंग. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, गुऱ्हाळावरनं शाहू मार्केट यार्डात गूळ न्यायला घेतलेली. पुढं गुऱ्हाळ बंद झालं आणि गाडी माझ्या रोपवाटिकेच्या कामाला लागली. उसाच्या रोपांचे ट्रे, कोकोपीटची पोती, परतीला शेणखत. आडसाली लागणीला जुलै-ऑगस्टात आणि पूर्वहंगामीला ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिला उसंत नसते. ८६०३२ या जातीची रोपं घेऊन ती गगनबावडा, राधानगरी, भुदरगडपर्यंत जाते. हौद्यात ट्रेसाठी तीन मजली लोखंडी रॅक आहे, याच हौद्याच्या मापानं करून घेतलेला. माझा धंदा उभा राहिला तो या गाडीच्या चाकांवर, त्यामुळं तिच्याकडं मी निव्वळ हिशेबानं बघू शकत नाही, आणि बघायचंही नाही.

उसाच्या सुरू हंगामातल्या लागणीची रोपं देऊन गगनबावड्याकडनं येताना मांडुकलीच्या अलीकडं इंजिनात ठोका यायला लागला. भाऊजी चालवत होते. त्यांनी गाडी बाजूला घेईपर्यंत पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. फुलेवाडीतल्या आमच्या मिस्त्रींनी इंजिन खाली उतरवून उघडलं तेव्हा कारण दिसलं. तिसऱ्या सिलिंडरचं बिगेन बेअरिंग, म्हणजे रॉड आणि क्रँकच्या जोडावरचं बेअरिंग, जागेवर फिरलं होतं. बेअरिंग फिरलं की त्याचं ऑइलचं भोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, भोकासमोरनं सरकतं, ऑइल पोचत नाही, क्रँकचा बेअरिंगात फिरणारा गोल भाग, म्हणजे जर्नल, कोरडं पडून तापतं आणि रॉड क्रँकला धरतो. फिरता क्रँक काही थांबत नाही, म्हणून शेवटी रॉड तुटतो आणि मिळेल त्या बाजूनं बाहेर पडतो. आमच्या ब्लॉकच्या कुशीला हात जाईल एवढं भगदाड होतं.

पहिला प्रश्न घरातच निघाला. एवढा खर्च करण्यापेक्षा नवी गाडी का नको? बीएस-सहा पिकअपचे हप्ते मी कागदावर मांडून बघितले. रोपवाटिकेचा पैसा वर्षातनं तीन हंगामांत येतो आणि हप्ता दर महिन्याला जातो. जुन्या गाडीची दुसरी बाजूही खरी आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी, आणि पंधरा वर्षं उलटली की त्याची फी एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढलेली. तेही धरलं. पण आमची चेसिस सरळ आहे, पाटे गेल्या वर्षी बदललेत, गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन शांत आहेत. गाडीतला एकच अवयव गेला होता. मामा म्हणाले, "गाडी धडधाकट हाय, तिला इंजिन बघा." तिथं तो विषय संपला.

ब्लॉकला वेल्डिंग करून घ्या, असंही काही जणांनी सुचवलं. ब्लॉक बिडाचा असतो. बिडाचं वेल्डिंग करणारे चांगले हात उद्यमनगरात आहेत, आणि पाण्याच्या जॅकेटवरचा छोटा तडा असता तर मीही तेच केलं असतं. पण आमचं भगदाड, क्रँक ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगच्या भिंतीला लागून होतं. बीड तापवलं की ते ओढ घेतं. मेन बेअरिंगची घरं एका ओळीत राहिली नाहीत तर नवा क्रँकही थोड्याच दिवसांत बेअरिंग खातो. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, भोक बुजवून देतो की. पण क्रँक सरळ फिरंल ह्याची गॅरंटी कोण देणार?" ज्याला हमी देता येत नाही तो ते स्पष्ट सांगतो, म्हणूनच आम्ही त्यांच्याकडं जातो.

आता खरी निवड. इथं आधी आकडे वाचता यायला हवेत. टाटाच्या या जुन्या इंजिनांच्या नावातच त्यांचं माप आहे. ४९७ मधला पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर, ९७ म्हणजे बोअर, सिलिंडरचा आतला व्यास, ९७ मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, १०० मिलिमीटर. एका सिलिंडरचं घनफळ काढून चारनं गुणून बघा, २९५६ सीसी येतात, तेच आपल्या आरसी बुकावर असतात. ४८३ चंही तसंच. बोअर ८३, स्ट्रोक ९०, म्हणजे १९४८ सीसी. ते टाटामोबाइल २०६ मध्ये, सिएरात आणि जुन्या सुमोत होतं. आमच्या गल्लीतल्या एकानं जुन्या सुमोचं इंजिन अगदी स्वस्तात देऊ केलं. चालू इंजिन होतं, माणूसही सचोटीचा. पण ते ४८३. जवळजवळ हजार सीसी कमी असलेलं इंजिन माल भरलेल्या २०७ ला घाटात काय देणार? शिवाय आरसीवर २९५६ आणि बॉनेटखाली १९४८ हे पासिंगला उभंच राहणार नाही.

मावसभावाचा आग्रह महिंद्राच्या २५२३ सीसी इंजिनासाठी होता. त्याची बोलेरो पिकअप त्याच इंजिनावर आहे. इंजिन दणकट आहे यात वाद नाही. बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. इंचात काढलं तर बरोबर साडेतीन आणि चार, कारण त्याचं मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात आहे. म्हणूनच त्याचं काम खेड्यातला ट्रॅक्टर मिस्त्रीही करतो. त्याच्या गाडीत ते शोभतं. आमच्या गाडीत बसवायचं तर गिअरबॉक्सला जोडणारं बेल हाउसिंग वेगळं, इंजिन टेकायचं फाउंडेशन वेगळं, सायलेन्सरची दिशा वेगळी, ॲक्सिलरेटरची वायर वेगळी. आणि एवढं सगळं जुळवून गाडी कायद्याच्या बाहेर.

कायद्याचं इथंच सांगून टाकते, कारण गॅरेजात त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती मूळ कंपनीच्या तपशिलाहून वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बदलता येतं, आणि बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत आरसीसह कळवावं लागतं. इंजिन नंबर जुळत नसेल तर उद्या अपघात झाल्यावर विम्याचा दावा अडतो. आमची गाडी रस्त्यावर दुसऱ्यांच्या लेकराबाळांच्या शेजारनं जाते. कागदाची टाळाटाळ मला पटतच नाही.

म्हणजे राहिली ती २९५६ सीसीची मंडळी. त्यातही निवड सोपी नाही, कारण त्या घराण्यात तीन प्रकार आपल्या भागात सापडतात.

सगळ्यात मोह पडावा असं इंजिन सुमो गोल्डचं. तेही २९५६ सीसी, पण कॉमन रेल, म्हणजे डिझेल सोडण्याचं काम इलेक्ट्रॉनिक. ८५ पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क. एका ओळखीच्या गॅरेजात ते स्टँडवर चालू करून दाखवलं. आवाज किती कमी, धूर जवळजवळ नाहीच. माझं मन खरंच गेलं त्याच्यावर. पण ते इंजिन एकटं येत नाही. त्याच्याबरोबर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, सगळी वायरिंग, सेन्सर, इमोबिलायझर, जास्त दाबाचा पंप, वेगळा डिझेल फिल्टर येतो. यातला एखादा सेन्सर गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात गेला तर स्कॅनर घेऊन कोण येणार? आमच्या जुन्या पंपाला चालायला वीज लागते ती एवढीच, बंद करायच्या सोलेनॉइडपुरती. डिझेलनं एअर धरली तर भाऊजी हँडपंप मारून, बँजो बोल्ट सैल करून पाच-दहा मिनिटांत गाडी चालू करतात. आडरानात माल घेऊन फिरणाऱ्याला हे सुख मोठं आहे. आणि मेकॅनिकल पंपाच्या जागी कॉमन रेल म्हणजे पुन्हा तपशील वेगळा, पुन्हा कलम ५२.

दुसरा प्रकार ४०७ चं टर्बो इंजिन. भंगारवाले हे "ताकदीचं हाय, तेच घ्या" म्हणून पुढं करतात. टर्बोच्या इंजिनात नुसता टर्बो जास्त नसतो. पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन वेगळं, पंपावर बूस्टप्रमाणं डिझेल वाढवणारा डबा, टर्बोला ऑइल नेणारी-आणणारी नळी, मॅनिफोल्ड, वाढलेली उष्णता झेपेल असा रेडिएटर. काही जण टर्बो काढून ते इंजिन साध्यासारखं चालवतात. मग ते काळा धूर ओकतं आणि पीयूसीला अडतं. टर्बोसकट बसवलं तर वाढलेला जोर आधी क्लचप्लेटवर आणि मग वीस वर्षांच्या गिअरबॉक्सवर येतो. आमच्या कामाला तो जोर लागतही नाही. रोपांचे ट्रे जागा खातात, वजन कमी असतं. घाटात दुसऱ्या गिअरला संथ चढलेली गाडी रोपांच्याही भल्याची असते, धक्के कमी बसतात.

तिसरं म्हणजे आमचंच, साधं ४९७ एसपी. हे २०७ मध्ये, ४०७ मध्ये आणि सुमो स्पेसिओतही सापडतं. निवड इथं झाली, आणि मामांनी ती पहिल्याच दिवशी केली होती. पण बाकीच्यांना नाही म्हणण्याची कारणं मला स्वतःला समजायला हवी होती. पैसे माझे जाणार होते.

कंपनीकडनं दुरुस्त केलेलं इंजिन जुन्याच्या बदल्यात घेता येतं. टाटाची 'प्रोलाइफ' नावाची तशी योजना आहे. ज्यांचा ब्लॉक शाबूत आहे त्यांनी ती जरूर विचारावी. आमच्यासारखा रॉड बाहेर आलेला असेल तर मात्र पहिला प्रश्न, फुटका ब्लॉक बदल्यात घेणार का, हाच विचारायचा. आमचं तिथंच अडलं आणि आम्ही भंगारात निघालेल्या गाड्यांकडं वळलो.

या सगळ्या शोधात माझ्या हाती लागलेली गोष्ट अशी. भंगारातनं इंजिन घेताना आपण इंजिन घेतच नसतो. आपण घेतो ब्लॉक, क्रँक आणि त्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर. लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सील हे सगळं नवं घालायचंच असतं. पंप, नोझल, अल्टरनेटर, स्टार्टर, संप, मॅनिफोल्ड आपल्याच जुन्या इंजिनाचे चांगले असतात. हेड तपासून आपलंच वापरता येतं. म्हणून "इंजिन चालू करून दाखवतो" याला फार भुलू नये. गरम करून ठेवलेलं इंजिन अर्ध्या सेल्फला उठतं, त्यावरनं क्रँकचं माप कळत नाही. ब्लॉक, क्रँक, नंबर. या तिन्हीवर नजर ठेवली की विकणाऱ्याच्या बोलण्याचा अर्धा भाग आपोआप गळून पडतो.

चालू इंजिन दाखवलंच तर काय बघायचं? ऑइल भरायचं झाकण काढून वर हात धरायचा. धापा टाकल्यासारखा धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा-लायनर संपलेत. ते बदलता येतं, भाव कमी करायला उपयोग होतो. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं दिसलं तर ऑइलात पाणी आहे. गॅस्केट असेल तर ठीक, ब्लॉक किंवा हेड तडकलेलं असेल तर नाही. नोझल काढून कॉम्प्रेशन घेतलं तर चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. तीन चांगले आणि एक पडलेलं असेल तर त्या एकात काय झालंय ते उघडल्याशिवाय व्यवहार करू नये.

कोल्हापूर-सांगली भागात आणखी एक गोष्ट बघावीच लागते, ती पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या बालिंग्याच्या पुलावरची वाहतूकही तेव्हा बंद होती. त्या गाड्यांची इंजिनं आजही धुऊन-पुसून, रंग मारून बाजारात येतात. एका ठिकाणी असंच एक इंजिन बघितलं. बाहेरनं नवं कोरं. मिस्त्रींनी टायमिंग कव्हर उघडायला लावलं. कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात, बोल्टच्या खाचेत, वाळलेला बारीक गाळ बसला होता, नदीच्या गाळाचाच रंग. ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी बुरशीसारखी पूड होती. मग त्यांनी हेड उतरवायला सांगितलं आणि मला जवळ बोलावून एक सोपी परीक्षा दाखवली. क्रँक हातानं फिरवत एकेक पिस्टन अगदी वर आणायचा आणि ब्लॉकच्या तोंडापासून तो किती वरखाली राहतो ते डायल गेजनं बघायचं. चारही सारखे यायला हवेत. त्या इंजिनात एक पिस्टन बाकीच्या तिघांपेक्षा खालीच थांबत होता. चालू इंजिनानं पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही, म्हणून रॉड वाकतो. वाकलेला रॉड आखूड होतो आणि पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. नुसत्या डोळ्यांनी तो रॉड सरळ वाटत होता. गेजचा काटा बघितल्यावर मात्र विकणाऱ्यानंही वाद घातला नाही. तिथनं आम्ही उठलो.

दुसऱ्या एका इंजिनाचा क्रँक तीसला गेलेला होता. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रँकचं जर्नल झिजलं किंवा ओव्हल झालं की ते ग्राइंड करून बारीक करतात आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. स्टँडर्डनंतर दहा, वीस, तीस असे टप्पे, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर. दहाला असलेला क्रँक आनंदानं घ्यावा. तीसला गेलेल्या क्रँकचं पुढं फारसं आयुष्य उरत नाही. बेअरिंगच्या पाठीवर माप छापलेलं असतं. एक मेन कॅप उघडून बेअरिंग उलटं करून बघितलं की काम झालं. जो विकणारा एवढंही उघडू देत नाही त्याच्याकडनं घेऊ नये.

आम्हाला हवं ते सांगली जिल्ह्यात मिळालं. २०७ च होती, उभी असताना मागनं ट्रकनं ठोकलेली. चेसिस वाकली म्हणून मालकानं ती भंगारात काढली होती. पुढचा भाग शाबूत. आरसीची प्रत, रजिस्ट्रेशन रद्द केल्याचा कागद, विक्रीची पावती, सगळं मालकाकडनंच मिळालं. आधी ब्लॉकवरचा नंबर साफ करून आरसीशी ताडला. नंबराभोवती ग्राइंडर मारल्याचा माग नाही, अक्षरं एका ओळीत, एका खोलीची. गाडी चोरीची नाही याची खात्री पोलिसांकडच्या नोंदीवरनं करून घेतली. मग क्रँक. बेअरिंगच्या पाठीवर स्टँडर्ड. मी तिथंच मिस्त्रींच्या चेहऱ्याकडं बघितलं. "घ्या वहिनी," एवढंच म्हणाले. भावावरनं थोडं ताणलं, पण फार नाही, चांगल्या मालाला चांगली किंमत द्यावी.

ब्लॉक आणि क्रँक उद्यमनगरात मापाला दिले. हे काम मी स्वतः उभी राहून बघितलं. मायक्रोमीटर जर्नलवर एका जागी लावून आकडा घ्यायचा, मग तिथंच काटकोनात. दोन्हींत फरक म्हणजे जर्नल ओव्हल. मग जर्नलच्या दोन टोकांना, तिथला फरक म्हणजे टेपर. प्रत्येक आकडा खडूनं क्रँकच्या वेबवर लिहिला जात होता. तिथला कारागीर वयानं माझ्याहून लहान, पण मायक्रोमीटरचा रॅचेट इतक्या हलक्या बोटांनी फिरवत होता की धातूला धातू टेकल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मेन जर्नल स्टँडर्डमध्येच निघाले, बिगेन दहाला घ्यावे लागले. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथं पहिली रिंग उलटते तिथं, नखाला लागेल अशी पायरी होती. लायनर-पिस्टनचा नवा सेट घातला. आमचं जुनं हेड तडा तपासून, फेस मारून, व्हॉल्व्ह लॅप करून वापरलं. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला दिली. लोक अजून त्या कामाला "मायकोचं काम" म्हणतात, कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं तरी.

कोल्हापूर कधीकाळी शेतीच्या ऑइल इंजिनांसाठी ओळखलं जायचं. आजही कागलच्या वसाहतीत किर्लोस्करचा इंजिनांचा कारखाना आहे. मामांच्या गुऱ्हाळाचा चरकही ऑइल इंजिनावर फिरायचा. ती माया, ती सवय या गावाच्या हातात मुरलेली आहे. साठ किलोमीटरच्या आत ब्लॉक, क्रँक, हेड, पंप सगळ्यांचं काम होतं, हे आपलं भाग्य आहे, आणि इंजिन निवडताना ते हिशेबात धरलंच पाहिजे. ज्या इंजिनाचं काम आपल्या गावात होतं तेच इंजिन आपलं.

बसवताना दोन गोष्टींची काळजी घेतली. क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बेअरिंग असतं, त्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक बसतं. चार पैशांची वस्तू, पण जुनीच ठेवली तर महिनाभरात क्लच ओरडायला लागतो आणि पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ती नवी घातली. दुसरं, पहिला स्टार्ट देण्याआधी पंपाचं डिझेल बंद ठेवून नुसतं सेल्फवर इंजिन फिरवलं, ऑइलचा काटा वर येईपर्यंत. बेअरिंग कोरडं राहिल्यानं एक इंजिन गमावलं होतं. नव्याला पहिल्या फेऱ्यापासून ऑइल मिळायला हवं होतं. ४०७ किंवा स्पेसिओतलं इंजिन घेणाऱ्यांनी फ्लायव्हील, संप आणि फाउंडेशनचे ब्रॅकेट आपल्या जुन्याशी शेजारी ठेवून ताडावेत. आमचं २०७ मधलंच होतं, म्हणून तो त्रास वाचला.

आरटीओत मंजुरीचा अर्ज इंजिन बसवण्याआधीच दिला होता. नंतर गाडी तपासणीला नेली, निरीक्षकांनी नंबराची छाप घेतली, पावती आणि आधीच्या गाडीचे कागद बघितले आणि आरसीवर नवा नंबर चढला. विमा कंपनीला तोच नंबर लेखी कळवून पोच घेतली. हे काम एजंटाविना झालं, थोडा वेळ गेला एवढंच.

पहिलं ऑइल लवकर बदलायचं, हेडचे बोल्ट गरम-गार झाल्यावर टॉर्क रेंचनं पुन्हा बघायचे, सुरुवातीला पूर्ण माल भरायचा नाही आणि गाडी उभी करून तासन्‌तास आयडलिंगही ठेवायचं नाही. नव्या रिंगा लायनरवर बसायला थोडा भार लागतो. भाऊजींनी हे सगळं पाळलं. सध्या गाडी अर्ध्या मालावर कळे, कोतोली, बाजारभोगाव एवढ्याच पट्ट्यात चालते. टॅपेटचं क्लिअरन्स एकदा बघून झालं. घाटाची फेरी दुसऱ्या ऑइलनंतर.

जुन्या ब्लॉकमधले तीन रॉड, कॅमशाफ्ट आणि टायमिंगचे गिअर मिस्त्रींच्या गॅरेजात बांधून ठेवलेत. आपल्या भागातल्या कुणा २०७ किंवा स्पेसिओवाल्याला त्यांची गरज असेल तर खाली लिहा. मापं घेऊनच देऊ.